लस झालेली तरी रोटा पॉझिटिव्ह, मग हा कुठला स्ट्रेन? आणि हे मोजतं कोण?

चिऊची_आई (कांजूरमार्ग)
मंडळी, लेक सव्वा वर्षाची. मागच्या आठवड्यात आधी उलट्या, मग ताप, मग जुलाब सुरू झाले ते असे की एक डायपर बदलून होत नाही तर दुसरा. शेवटी अ‍ॅडमिट करावं लागलं, सलाईन लागलं. आता घरी आहे, पेज खातेय, रांगत घरभर पसारा करतेय, त्यामुळे काळजीचा धागा नाहीये हा. तिथे शीची कार्ड टेस्ट केली तर रोटा पॉझिटिव्ह (रोटाव्हायरस, लहान मुलांना जुलाब करणारा विषाणू). मी म्हटलं अहो पण हिचे रोटाचे तिन्ही डोस झालेत, मनपाच्या हेल्थ पोस्टवर घेतलेत, कार्डवर तारखा आहेत. तर तिथले डॉक्टर म्हणाले असेल वेगळा स्ट्रेन, म्हणजे त्याच विषाणूचा वेगळा प्रकार. मग कुठला ते रिपोर्टात का नाही असं विचारलं तर हसून म्हणाले, ते कळून तुम्ही काय करणार?
करणार काहीच नाही, पण माहिती तर असावी ना. लसीत कुठला स्ट्रेन असतो, बाहेर कुठले फिरतात आणि मुंबईत किंवा निदान देशात याचा हिशोब कोणी ठेवतं का? कोणी त्या क्षेत्रातलं असेल तर सांगा प्लीज.

पाळणाघरवाल्या_काकू
आधी लेकीला उदंड आयुष्य. आमच्याकडे दर थंडीत एक मूल आणतं आणि मग लाईनच लागते. पावसाळ्यातले जुलाब वेगळे, हे वेगळे, यात उलट्या आधी येतात. खेळणी साबणाच्या पाण्याने धुवा, दाराच्या कड्या पुसा, डायपर बदलला की हात साबणाने. बाकी स्ट्रेनबिन मला कळत नाही, वाचतेय.

सुंठसाखर
बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून लिहितो. तुमच्या डॉक्टरांचं हसणं सोडून द्या पण बोलणं चूक नाहीये. कुठलाही स्ट्रेन असो, उपचार एकच. पाणी कमी होऊ द्यायचं नाही. ओआरएसचं पाकीट मोजून एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात टाकून बाकीचं ठेवून दिलं असलं काही नको. उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून परत चमच्या-चमच्याने. झिंक चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं, हे सगळे अर्ध्यावर सोडतात. आईचं दूध चालू. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, पाजलेलं काही टिकत नाही, शीत रक्त दिसलं, तर रात्र काढू नका, निघा. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, केमिस्टकडून काहीही आणून पाजू नका. आणि ते गोड टेट्रापॅक ओआरएस समजून तर अजिबात नको, २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने असल्या पेयांवर ओआरएस हे नाव लिहायला बंदी केली ते उगाच नाही.
स्ट्रेनचं काम सार्वजनिक आरोग्यवाल्यांचं, आई-बापांचं नाही असं माझं मत.

शंकेखोर
थोडक्यात लस घेऊन उपयोग शून्य, आणि विचारू पण नका. छान.

परळकर
शंकेखोर थांबा जरा, ताई तुम्ही पण वाचा. माझी नोकरी परळच्या बाजूला लॅबमध्येच गेली, आता रिटायर. शीचे नमुने हाताळण्यात आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल, बायको डबा वेगळ्या पिशवीत द्यायची. लांब होईल पण सांगतो.
रोटाचा विषाणू बाहेरून बघितला तर त्याच्या सालीवर दोन प्रथिनं असतात. एक व्हीपी७, त्यावरून जी नंबर पडतो. दुसरं व्हीपी४, त्यावरून पी नंबर. म्हणून नाव जोडीने, जी१पी८, जी२पी४, जी९पी८ असं (पी चा आकडा कागदावर चौकटी कंसात लिहितात, इथे तो टाइप करायचा कंटाळा). जी चे तीसच्या वर प्रकार सापडलेत आणि पी चे पन्नासच्या वर, पण त्यातले बरेच गायी, डुकरं, घोडे, वटवाघळं यांचे. माणसाच्या पोरांमध्ये पाच-सहा जोड्याच बहुतेक जागा अडवून बसतात.
तुमची जी कार्ड टेस्ट झाली ती आतल्या थरातलं व्हीपी६ नावाचं प्रथिन पकडते. ते अ गटाच्या सगळ्या रोटामध्ये सारखंच असतं. म्हणजे कार्डाला फक्त रोटा आहे की नाही एवढंच कळतं, जी-पी कळायचा मार्गच नाही. रिपोर्टात लपवलेलं काही नाही, त्या टेस्टमध्ये ते नसतंच.

चिऊची_आई
हे इतकं साधं होतं तर हसण्यापेक्षा हे सांगायला किती वेळ लागला असता. मग जी-पी कसं काढतात?

परळकर
पूर्वीची पद्धत सांगतो कारण माझा जीव तिच्यात. रोटाचा जीनोम, त्याचा सगळा जनुकांचा साठा, म्हणजे दुपदरी आरएनएचे ११ तुकडे. शीतून आरएनए काढायचा, पॉलीअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलमध्ये रात्रभर करंट द्यायचा, सकाळी सिल्व्हर नायट्रेटने रंगवायचं. हळूहळू पिवळट जेलवर तपकिरी रेघा उमटायला लागतात, वरून चार, मग दोन, मग तीन चिकटून, मग खाली दोन. ४-२-३-२ दिसलं की अ गटाचा रोटा, डोळे मिटून. रंग जास्त वेळ ठेवला तर अख्खी जेल काळी, मग सगळं परत. त्यात पण दोन चाली, लांब आणि आखूड. आखूडमध्ये ११ वा तुकडा मोठा असतो त्यामुळे तो खाली पळत नाही, वरच रेंगाळतो. जी२पी४ बहुतेक आखूड निघायचा, जी१पी८ लांब. तेव्हा नुसत्या जेलवरून अंदाज यायचा की यंदा कुठली हवा आहे.
मग पीसीआर आला. आरएनएचा डीएनए करायचा, पहिल्या फेरीत व्हीपी७ चा मोठा भाग वाढवायचा, दुसऱ्या फेरीत प्रत्येक जी साठी वेगळा प्रायमर (फक्त त्या जी ला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) टाकायचा, ज्याचा बसेल त्याची पट्टी त्याच्या ठरलेल्या लांबीला दिसते. १९९० च्या जुन्या सेटमध्ये जी१ ची ७४९ अक्षरांवर, जी२ ची ६५२ वर, जी९ ची पार खाली ३०६ वर. तसंच पी साठी. कधी दोन पट्ट्या येतात म्हणजे पोराला एकाच वेळी दोन स्ट्रेन, आपल्याकडे हे दुर्मिळ नाही. आणि कधी काहीच येत नाही. ईएलायझा (कार्डासारखीच, फक्त रोटा आहे की नाही सांगणारी लॅबची टेस्ट) कडक पॉझिटिव्ह आणि पीसीआरची जेल कोरी. त्याला अनटाइपेबल म्हणतात. विषाणूने प्रायमर बसायच्या जागीच अक्षर बदललेलं असतं. बरेच लोक हे नमुने एका ओळीत उरकून टाकतात, पण नवीन काही येत असेल तर ते पहिलं त्याच ढिगात येतं. तिथे सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचणं, करायला पाहिजे, आणि ते महाग म्हणून शेवटी राहतं.

मुलुंडचा_मन्या
वाखूसा (वाचनखूण साठवली). काका पुस्तक लिहा.

आकडेबाज
हिशोब कोण ठेवतं त्याचं उत्तर मी देतो. आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, २००५ मध्ये नेटवर्क उभं केलं. जुलाबासाठी अ‍ॅडमिट झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा नमुना, सोबत फॉर्म, किती उलट्या किती जुलाब ताप किती त्यावरून वीसपैकी मार्क देतात, ११ आणि वर म्हणजे गंभीर. वेल्लोरचं सीएमसी हॉस्पिटल आणि पुण्याची विषाणू संस्था एनआयव्ही यांच्यासारख्या लॅबमध्ये टायपिंग, म्हणजे जी-पी काढणं. पहिल्या दोन वर्षांत ४२४३ मुलं तपासली, त्यात साधारण ३९ टक्क्यांमध्ये रोटा. म्हणजे जुलाबाने भरती झालेल्या दर पाचातलं जवळपास दोन पोर. तेव्हा पुढे होते जी२पी४ आणि जी१पी८, मागे जी९पी८.
तेव्हा लस सरकारी कार्यक्रमात नव्हती हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.
लस येण्याआधीचा अंदाज असा होता की देशात रोटाने वर्षाला ७८ हजारांच्या आसपास मुलं दगावतात आणि पावणेनऊ लाखांच्या घरात अ‍ॅडमिट होतात. त्यामुळे उपयोग शून्य वगैरे जरा जपून.

शंकेखोर
शून्य मागे घेत नाही अजून. लसीत कुठला स्ट्रेन आहे तो प्रश्न बाजूलाच राहिला. बाहेर जी१ जी२ आणि लसीत काय?

सुंठसाखर
हा प्रश्न योग्य आहे. सरकारी कार्यक्रमात दोन भारतीय लसी. रोटाव्हॅक, हैदराबादची, पाच थेंब. तिच्यात एकच स्ट्रेन, ११६ई, तो जी९पी११. आणि रोटासील, पुण्याच्या सीरमची, तिच्यात पाच, जी१ जी२ जी३ जी४ आणि जी९, गायीच्या रोटावर माणसाच्या रोटाचं व्हीपी७ चढवलेलं. दोन्ही सहा, दहा, चौदा आठवड्यांना. प्रायव्हेटमध्ये रोटारिक्स मिळते, ती एकट्या जी१पी८ ची आणि दोनच डोस. देशात २६ मार्च २०१६ ला आंध्र, हरियाणा, हिमाचल, ओडिशा या चार राज्यांत सुरुवात झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये.
आता गंमत. ११६ई हा दिल्लीत एम्सच्या नवजात बाळांच्या विभागात ८० च्या दशकात सापडला. बाळांना संसर्ग झालेला पण जुलाब नाहीत, आणि पुढे त्या बाळांना गंभीर रोटा कमी झाला. डॉ. महाराज किशन भान यांनी तो धागा वीस-पंचवीस वर्षं सोडला नाही, २०१४ मध्ये लसीला मंजुरी मिळाली. बाहेरच्या पोरांमध्ये जी९पी११ जवळपास नसतोच. तरी लस जी१, जी२, जी१२ सगळ्यांविरुद्ध काम करते. म्हणजे जी-पी चं कुलूप-किल्लीसारखं जमलंच पाहिजे असं शरीर मानत नाही, आतल्या प्रथिनांनाही प्रतिकार तयार होतो. म्हणून "स्ट्रेन वेगळा असेल" हे उत्तर मला तरी अर्धंच वाटतं. तुमच्या लेकीला लसीसारखाच जी९ झाला असता तरी आश्चर्य नव्हतं.

चिऊची_आई
मग तरी झाला का?

सुंठसाखर
कारण लस शंभर टक्के नाहीच. दिल्ली, पुणे, वेल्लोरला मिळून ६७९९ बाळांवर चाचणी झाली, गंभीर रोटा साधारण ५५ टक्क्यांनी कमी. नंतर प्रत्यक्ष वापरात बघितलं तेव्हाही ५४ च्या आसपासच. श्रीमंत देशांत हाच आकडा ८५-९० च्या घरात जातो. आपल्याकडे आईकडून आलेली अँटिबॉडी जास्त, आतड्यात आधीच इतर जंतूंची गर्दी, सोबत पोलिओचे थेंब, अशी बरीच कारणं मिळून.
आणि खुद्द आजार होऊन गेला तरी आपल्याकडे संरक्षण कमीच मिळतं. मेक्सिकोत जन्मापासून मुलं पाहिली तेव्हा दोनदा संसर्ग झालेल्याला पुढे मध्यम-गंभीर जुलाब झालेच नाहीत. वेल्लोरला तसंच केलं तर तीनदा होऊनही संरक्षण ७९ टक्के. लसीकडून आजारापेक्षा जास्त अपेक्षा कशी करणार.

शंकेखोर
बरं. पण मग मी वाचलं की लस आल्यावर भारतात जी३ वाढला. आधी नव्हता, लसीनंतर आला. याला काय म्हणायचं? जुने दाबले की नवीन डोकं वर काढणार.

आकडेबाज
आता वर म्हटलं होतं ना लक्षात ठेवा, ते इथे.
२०१२ ते २०१६ लसीआधीच्या नमुन्यांत जी१पी८ निम्म्याच्या आसपास. २०१६ ते २०२० मध्ये जी३पी८ पुढे. फक्त या दोन ओळी शेजारी ठेवल्या तर कोणालाही वाटेल लसीने केलं. पण २००५-०७ मध्ये पुढे जी२पी४ होता आणि २०१२ पर्यंत जी१पी८ ने त्याला मागे टाकलं, तेव्हा सरकारी लस कुठे होती? रोटा आपणहूनच काही वर्षांनी खांदेपालट करतो. त्यामुळे आधी-नंतर असं दोन खांबी कोष्टक करून निष्कर्ष काढणं म्हणजे पाऊस पडला आणि लोकल लेट झाली म्हणून रोजच्या लेटचं खापर पावसावर.
खरी तुलना करायची तर एकाच काळात लस असलेली आणि नसलेली जागा हवी, किंवा दोन वेगळ्या लसींच्या जागा. असं ऑस्ट्रेलियात आपोआप झालं. काही राज्यांत रोटारिक्स, काहींत रोटाटेक, २०१७ पर्यंत. आणि तिथे खरंच फरक दिसला, कुठली लस त्यावर स्ट्रेनची मिसळ वेगळी. त्यामुळे लसीचा काहीच दबाव पडत नाही असं मी म्हणत नाहीये. पण दोन्हीकडे अ‍ॅडमिट होणारी मुलं कमीच झाली. उरलेल्या थोड्या पोरांमध्ये जी३ ची टक्केवारी जास्त म्हणजे जी३ ची पोरं जास्त, असं होत नाही. टक्केवारीत छेद बघा, कायम.

परळकर
बरोब्बर. आणि जी३ म्हणजे एकच जी३ नव्हे. २०१३ पासून जगात बऱ्याच ठिकाणी एक जी३पी८ सापडतोय ज्याचं व्हीपी७ घोड्याच्या रोटाच्या जवळचं आणि आतले बाकीचे तुकडे आखूड चालीच्या जी२ घराण्याचे. पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसं एका पोराच्या आतड्यात दोन विषाणू शिरले की ११ तुकड्यांची अदलाबदल होते. नुसतं जी-पी काढलं तर जुना जी३पी८ आणि हा घोडेवाला दोन्ही कागदावर सारखेच, आणि आम्ही आपले जेलवर पट्टी बघून खुश. म्हणून २००८ मध्ये अकराच्या अकरा तुकड्यांना नंबर द्यायची पद्धत आली. ते केलं की कुठला तुकडा कुठल्या घराण्याचा हे दिसतं. माझं तर म्हणणं, जेवढे नमुने टाइप होतात त्यातले थोडे तरी दरवर्षी पूर्ण सिक्वेन्स झालेच पाहिजेत, अनटाइपेबल सगळेच.

पाळणाघरवाल्या_काकू
घोड्याचा?? आमच्या इथे घोडे नाहीत हो.

परळकर
काकू लोल. घोड्याला हात लावून नाही होत. कधीतरी कुठेतरी तुकडा आला, आता तो माणसा-माणसातच फिरतो, तुमच्या पाळणाघरातल्या लाईनसारखा.

नालासोपारा_फास्ट
अवांतर, या लसीने आतडं आतड्यात घुसतं म्हणून आमच्या शेजारणीने डोस दिलाच नाही. खरंय का?

सुंठसाखर
अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची लस आली, अंदाजे दहा हजारात एका बाळाला हा त्रास दिसला आणि १९९९ मध्ये काढून घेतली. त्यामुळे पुढच्या सगळ्या लसींवर याच गोष्टीसाठी नजर आहे. रोटाव्हॅकसाठी भारतात बऱ्याच हॉस्पिटलांत मुद्दाम तपासलं, डोसनंतर धोका वाढलेला दिसला नाही, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण लस असो नसो, बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल आणि शी लाल जेलीसारखी असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. शेजारणीला सांगा, पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो सरकारी कार्यक्रमात, वर्ष उलटलं नसेल तर अजून वेळ आहे.

नालासोपारा_फास्ट
बाळाला नववा महिना चालू आहे. आत्ताच सांगतो. धन्स डॉक.

शंकेखोर
एक शेवटचं. डोस दिल्यावर लसीचाच विषाणू शीत येतो ना? मग कार्ड टेस्ट त्याला पण पॉझिटिव्ह दाखवेल आणि तुमच्या आकड्यात तो रोटाचा पेशंट म्हणून मोजला जाईल.

परळकर
वा, आता लाईनवर आलात. हो, डोसनंतरच्या काही दिवसांत तसं होऊ शकतं, कार्डाला फरक कळत नाही. म्हणून फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख हवी, "लस झाली: हो" एवढं लिहून भागत नाही. लसीचं कार्ड घरी राहिलं असं आई म्हणाली की तिथे भल्याभल्यांचे फॉर्म कोरे. पण टायपिंगमध्ये सुटतं ते. रोटाव्हॅकवाला पी११ दाखवेल, रोटासीलमध्ये पी गायीचा, आपल्या पोरांमध्ये जंगली, म्हणजे लसीतले नसलेले, फिरणारे बहुतेक पी८, पी४, पी६. पी बघितला की समजतं. रोटारिक्सचं कठीण, ती जी१पी८ च, तिथे सिक्वेन्सच लागतो.

चिऊची_आई
हिचा शेवटचा डोस कधीच होऊन गेलाय, म्हणजे बाहेरचाच. अजून एक विचारते, मुंबईत पोलिओसाठी गटाराचं पाणी तपासतात ना? त्यातच रोटा पण बघितला तर प्रत्येक पोराच्या मागे लागायला नको.

परळकर
तपासतात, २००१ पासून, देशात सुरुवातच मुंबईतून झाली, आणि ती लॅब आमच्या परळलाच, हाफकिन संस्थेच्या आवारात. रोटा पण सांडपाण्यात भरपूर मिळतो, आजारी पोराच्या एक ग्रॅम शीत अब्जावधी असतो. कुठल्या वॉर्डात कधी वाढला हे त्यातून चांगलं कळेल, आणि जे घरीच बरे होतात, हॉस्पिटलपर्यंत येतच नाहीत ते पण त्यात धरले जातील. माझा पाठिंबा आहे.
पण जोडी हरवते. बाटलीत हजारो घरांचं एकत्र आलेलं. जी१, जी३, जी९ सापडले, पी८, पी४, पी६ सापडले, पण कुठला जी कुठल्या पी बरोबर आला होता ते सांगता येत नाही, तुकडे वेगवेगळे वाचले जातात. वर लस घेतलेल्या बाळांचा विषाणू पण त्याच गटारात. आणि ज्या घोडेवाल्याची भीती ती सगळी जोडीतच आहे. त्यामुळे वॉर्डातून एकेक नमुना, बर्फात, नीट लेबल लावून, हे काम काही सुटत नाही.

सुंठसाखर
मान्य. एक भर घालतो, मी वर म्हटलं होतं की आई-बापांना स्ट्रेन कळून उपयोग नाही, ते एका पोराच्या रिपोर्टापुरतं धरा. वर्षाला एकदा "मुंबईत यंदा हे स्ट्रेन" असा एक पानाचा तक्ता मनपाने हेल्थ पोस्टवर लावला तर मला तो आवडेल, माझ्याच वेटिंग रूममध्ये लावीन.

मुलुंडचा_मन्या
मराठीत लावा. आणि छेदासकट.